पालगडचे साने गुरुजी आणि छात्रालयाचे दैनिक

‘श्यामची आई’ न वाचलेली भगिनी आपल्या मंडळात बहुधा सापडणार नाही. कित्येकींनी ते पुस्तक प्रथम आईच्या मांडीवर ऐकले, पुढे स्वतः वाचले, आणि आपल्या मुलांना वाचून दाखविताना मध्येच गळा दाटून आल्यामुळे मिटून ठेवले. साने गुरुजी म्हटले की आपल्यास आई आठवते आणि डोळ्यांतले पाणी आठवते. परंतु गुरुजी सहा वर्षे शाळामास्तर होते, आणि त्या काळात आपल्या विद्यार्थ्यांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून एक दैनिक काढीत असत, ही हकिकत सहसा कोणी सांगत नाही. स्मरणिकेसाठी काही लिहून द्या असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला तेव्हा मी तीच सांगावयाचे ठरविले.

गुरुजी आपल्याच जिल्ह्यातले. दापोली तालुक्यातील पालगड या गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी त्यांचा जन्म झाला. नाव पांडुरंग सदाशिव. आजोबांच्या वेळी घराण्यात खोती होती, घर सुस्थितीत होते. वडील सदाशिवराव यांच्या काळात कर्ज वाढत गेले, जप्ती आली आणि राहते घर गेले. खोतांच्या घरी सून म्हणून आलेल्या यशोदाबाईंना दारिद्र्यात संसार ओढावा लागला. त्या माउलीने मुलांना काय शिकविले हे साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. त्याचा विस्तार येथे करीत नाही. एकच गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. यशोदाबाईंची शाळा कधी भरत नसे आणि कधी सुटत नसे. न्हाऊ घालताना, पत्रावळ लावताना, तुळशीपाशी दिवा ठेवताना, समोर जे घडेल त्यावरून चार शब्द बोलावयाचे आणि पुन्हा कामाला लागावयाचे, एवढीच त्यांची रीत. पुढे मुलाने कागदावर जे केले ते याच रीतीचे होते असे मला वाटते.

पांडुरंगाचे शिक्षण फार ओढाताणीत झाले. लहानपणी पुण्यास मामांकडे ठेवले, तेथे मन रमले नाही. मग दापोलीच्या मिशनच्या शाळेत शिक्षण झाले. मुलगा संस्कृत आणि मराठीत हुशार, कवितेचा नादी. पण फी भरण्याचे बळ घरात उरले नाही. औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांची फुकट सोय होते असे कळले, म्हणून तो एकटा औंधास गेला. तेथे अर्धपोटी राहून शिकू लागला तो प्लेगची साथ आली आणि मुलांना घरोघर परत पाठविण्यात आले. पुढे पुण्यास नूतन मराठी विद्यालयात नाव घातले; पोटाची पंचाईत तेथेही होतीच. याच दिवसांत, १९१७ साली, पालगडास आई वारली. मुलाची आणि तिची शेवटची भेट झाली नाही. १९१८ साली तो मॅट्रिक झाला आणि पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून पदवीधर झाला. हेच पुढे सर परशुरामभाऊ कॉलेज म्हणून ओळखले जाऊ लागले.

हे सारे अशासाठी सांगितले की, घरापासून दूर, कोणाच्या तरी ओसरीवर, पोटात भूक आणि मनात घर अशा स्थितीत शिकणारे मूल म्हणजे काय, हे या माणसाने स्वतः भोगलेले होते.

तत्त्वज्ञानाचा अधिक अभ्यास करावा म्हणून ते खानदेशात अमळनेरला, श्रीमंत प्रतापशेठ यांनी स्थापिलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. एम. ए. झाले. परंतु नुसत्या चर्चेत त्यांचा जीव रमेना. १९२४ साली ते तेथल्या हायस्कुलात शिक्षक झाले. प्रताप हायस्कूल या नावाने आपण तिला ओळखतो ती ही शाळा. काही काळाने शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, आणि येथून पुढे त्यांस सारे गुरुजी म्हणू लागले.

छात्रालयात खेड्यापाड्यांतली मुले. पुष्कळांच्या घरी अहिराणी बोलली जाई. पुस्तकातली मराठी त्यांस थोडीशी परकीच. सुपरिटेंडेंट म्हणजे छडी आणि हजेरीपट, अशी त्या काळची समजूत. गुरुजी निराळेच निघाले. मुले शाळेत गेली की हे त्यांच्या खोल्या झाडीत, कंदिलांच्या काचा पुसून ठेवीत, मळके कपडे राहिले असतील तर धुऊन वाळत घालीत, आजारी मुलाच्या उशाशी बसून राहत. आपल्यापैकी कोणी म्हणेल, यात नवल काय, हे तर आम्ही रोजच करतो. खरे आहे. नवल एवढेच की एम. ए. झालेला एक पुरुष हे करीत होता आणि त्याचा गाजावाजा करीत नव्हता.

या घरकामातच त्यांनी आणखी एक काम वाढवून घेतले. ते म्हणजे ‘छात्रालय दैनिक’. छापखाना नाही, संपादक मंडळ नाही, वर्गणी नाही. गुरुजींचे अक्षर आणि गुरुजींचा कागद. त्यात थोर माणसांची चरित्रे असत, गोष्टी असत, कविता असत, जगात काय चालले आहे ते असे, आणि छात्रालयातल्या बारीकसारीक घटनांवरही लिहिलेले असे. असा नवा मजकूर आपल्यासाठी लिहिला जातो याचे मुलांस मोठे अप्रूप असे.

शाळेत दिवसभर शिकविणारा, छात्रालयाचे सारे बघणारा माणूस वर हा उद्योग कशाला करतो, असा प्रश्न व्यवहारी माणसास पडेल. बोलून जे सांगता येते ते लिहावयाचे कशाला? मला वाटते, बोललेले शब्द वर्गातल्या साऱ्यांसाठी असतात आणि ऐकले न ऐकले की विरून जातात. लिहिलेला कागद मात्र ज्याला हवा त्याने, हवा तेव्हा, एकट्याने वाचावा. रागे भरलेले मूल सर्वांदेखत मान खाली घालते आणि मनातून अधिकच घट्ट होते. तेच मूल कागदावर आपल्या चुकीची आठवण हळुवार शब्दांत वाचते तेव्हा त्याच्याकडे कोणी बघत नसते. त्यास विरघळण्याची सवड मिळते. शिवाय, आपण काल जे पाहिले, जे केले, ते आज शब्दांत उतरले आहे हे ज्या मुलाने एकदा पाहिले, त्यास लिहिणे ही परीक्षेपुरती गोष्ट आहे असे पुन्हा वाटत नाही. त्याचे छात्रालय, त्याचे आंघोळीचे पाणी, त्याचा मित्र, हीदेखील लिहिण्याजोगी वस्तू आहे हे त्याला कळते. १९२८ साली गुरुजींनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिक काढले. हे छापील होते आणि त्याचा पसारा मोठा होता. पण माझे मन त्या हस्तलिखित कागदापाशीच घोटाळते.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकास एक शिक्षक असाच काही उद्योग करीत होता, ही गंमतीची गोष्ट मध्येच सांगते. फ्रान्सच्या दक्षिणेस बार-सुर-लू नावाचे एक खेडे आहे. तेथे सेलेस्तँ फ्रेने हे प्राथमिक शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात फुप्फुसास जखम झाल्यामुळे त्यांस वर्गात फार वेळ बोलवत नसे. ते मुलांना घेऊन फिरावयास जात आणि परत आल्यावर मुलांनी पाहिलेले मुलांच्याच शब्दांत लिहून घेत. १९२४ साली त्यांनी वर्गात एक लहानसे छपाई यंत्र आणले आणि मुले आपले लिखाण आपणच छापू लागली. त्याच साली गुरुजी अमळनेरच्या शाळेत रुजू झाले. एकास दुसऱ्याची वार्ता असण्याचे कारण नव्हते. तिकडे मुले लिहीत होती, इकडे गुरुजी मुलांसाठी लिहीत होते, एवढा फरक आहे आणि तो लहान नाही. तरी दोघांनीही लिहिण्यावरचे गुणांचे जोखड काढून टाकले होते.

आता थोडे माझ्याविषयी. विषयास सोडून आहे असे वाटले तर पान उलटावे. मी पुष्कळ वर्षे मराठी शिकविले आणि त्यातली बहुतेक वर्षे तांबड्या शाईने शिकविले. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध मी किती वेळा तपासला असेन याची गणती नाही. साऱ्या वह्यांतून तोच मोर नाचावयाचा आणि त्याच बेडकांचे डराव डराव चालावयाचे. रत्नागिरीच्या पावसात राहणाऱ्या मुलांना पाऊस लिहिता येत नव्हता, कारण मला कोणता पाऊस चालतो हे त्यांनी ओळखले होते. ऱ्हस्वदीर्घाच्या खुणा करून मी वही परत देई. आपण फार कसोशीने काम करतो असे मला वाटे.

निवृत्तीनंतर मंडळाच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात बसू लागले तेव्हा गुरुजींच्या या दैनिकाची हकिकत माझ्या वाचनात आली. तेव्हापासून वर्ग सुटण्यापूर्वी पाच मिनिटे प्रत्येकीस कागदाचा चिटोरा द्यावयाचा आणि आज जे शिकलात त्याविषयी सुचेल ते चार ओळींत लिहा, एवढेच सांगावयाचे, असे मी सुरू केले. नाव घातले नाही तरी चालेल. शुद्धलेखन बघणार नाही. पहिल्या आठवड्यात बहुतेक चिटोरे कोरेच आले. मग एके दिवशी भरती-ओहोटीचा धडा झाला. उधाणाची भरती अमावास्या-पौर्णिमेस आणि भांगाची अष्टमीस येते, हे मी फळ्यावर आकृती काढून समजावून दिले. त्या दिवशी एका मुलीचा चिटोरा आला. ही मुलगी कोळीवाड्यावरची. गणितात अपूर्णांक आले की रडू लागे, आणि शाळेत तिची गणना ढ मुलींत झाली होती. तिने लिहिले होते की, तिचे आजोबा भरतीची वेळ कॅलेंडरात बघत नाहीत. तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. तिलाही ते येते.

पाऊणपट म्हणजे तीन चतुर्थांश. जो अपूर्णांक वहीत तिला छळीत होता तोच ती घरी बोटांवर करीत होती, आणि हे तिच्या शिक्षकांस ठाऊक नव्हते, तिलाही ठाऊक नव्हते. रोज भरती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो, हे मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितले. पण तो चिटोरा आला नसता तर मी तिला पुन्हा एकदा आकृतीच काढून दाखविली असती. तांबड्या शाईच्या माझ्या वर्गांतून असे कितीजणींचे आजोबा न बोलता निघून गेले असतील, हा विचार आला की मला अजून बरे वाटत नाही.

असो. गुरुजींकडे वळू.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा गुरुजींनी शाळेचा राजीनामा दिला आणि ते चळवळीत शिरले. छात्रालय मागे राहिले; दैनिकाचा हातही थांबला. मुलांस काय वाटले असेल याची कल्पना आपण करावी. त्यांच्यापैकी अनेक जण पुढे गुरुजींच्या पाठोपाठ त्याच वाटेने गेले. गुरुजींना प्रथम धुळ्याच्या आणि नंतर दूर दक्षिणेस त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे निरनिराळ्या प्रांतांतले राजबंदी एकत्र होते. गुरुजी त्यांच्या भाषा शिकू लागले आणि तमिळमधील ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणले. निरनिराळ्या भाषांच्या माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या, ही पुढची आंतरभारतीची कल्पना तेथेच रुजली.

१९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात आले. विनोबाजीही तेथे होते. बंद्यांच्या आग्रहावरून विनोबाजींनी २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलावयाचे ठरविले. अठरा अध्याय, अठरा रविवार. १९ जून रोजी सांगता झाली. ही प्रवचने आज आपल्या हाती आहेत ती गुरुजींच्या लेखणीमुळे. विनोबाजी बोलत आणि गुरुजी झराझर उतरून घेत. अमळनेरास जो हात मुलांसाठी लिहीत होता तोच आता शिष्याचा हात झाला. बोलणाऱ्याच्या वेगाने लिहावयाचे म्हणजे कान, मन आणि बोटे एकाच वेळी जागी ठेवावी लागतात. ज्यास विषय कळला नाही त्यास ते साधत नाही. ऐकण्याचा इतका कसून केलेला अभ्यास मला दुसरा ठाऊक नाही. आपल्या भजनवर्गातल्या ज्या भगिनी ‘गीता प्रवचने’ घेऊन बसतात त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की ते पुस्तक एका माजी शाळामास्तराने कैद्याच्या वेषात टिपून घेतलेले आहे.

त्यानंतरचा मुक्काम नाशिकच्या तुरुंगात. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार, या रात्री त्यांनी ‘श्यामची आई’ लिहावयास घेतली आणि १३ तारखेस, सोमवारी सकाळी, हातावेगळी केली. दिवसा तुरुंगातले काम असे. लिहावयाचे ते रात्री आणि पहाटे. पुस्तकास प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. वाचकांच्या हाती आल्या त्या बेचाळीस. रोज रात्री प्रार्थनेनंतर श्याम आपल्या सोबत्यांस आईची एक आठवण सांगतो आणि थांबतो. ही रचना गुरुजींस कोठून सुचली असेल याचा मी पुष्कळ विचार केला. मला तर तीत अमळनेरचे छात्रालय दिसते. रोज एक, बेताची, घरगुती, ओळखीच्या श्रोत्यांसाठी. विद्वानांस उद्देशून ते पुस्तक लिहिलेच नव्हते. १९३५ साली ते छापून निघाले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले.

पुढील वर्षे धावपळीची होती. शेतकरी, कामगार, १९३६ सालचे फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन, पुन्हा तुरुंग, बेचाळीसची चळवळ, या सर्वांतून गुरुजी गेले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले आणि दार उघडले. या एका गोष्टीवर स्वतंत्र लेख व्हावयास हवा. कोणीतरी भगिनीने तो पुढील वर्षी लिहावा. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ते आजही निघते.

‘साधने’त त्यांनी अखेरच्या काळात जी पत्रे लिहिली ती ‘सुंदर पत्रे’ म्हणून पुढे पुस्तकरूपाने आली. ती त्यांची पुतणी सुधा हिला लिहिलेली आहेत. गुरुजींचा लौकिक तेव्हा देशभर झालेला होता. स्वातंत्र्यानंतरचे जे चित्र त्यांनी मनाशी रंगविले होते ते विस्कटत होते, आणि गांधीजींच्या हत्येचा घाव ताजा होता. अशा मनःस्थितीत हा माणूस एका शाळकरी मुलीला फुलांविषयी, पाखरांविषयी, पावसाविषयी, कवींविषयी, दूरदेशीच्या माणसांविषयी लिहितो. पाठ कर म्हणून सांगत नाही, परीक्षा घेत नाही. वाचता वाचता त्या मुलीचे भूगोल, इतिहास आणि भाषा हे तीनही विषय होऊन जातात. ज्या घरी मुलाला शिकवणीस घालावे की न घालावे हा वाद चालू असेल, त्या घरी हे पुस्तक आधी आणून पाहावे. एका मामाने किंवा आत्याने भाच्याला आठवड्यास एक पोस्टकार्ड लिहिले तर काय होते ते त्यावरून कळेल. हल्ली पोस्टकार्ड कोणी लिहीत नाही हे मला ठाऊक आहे. फोनवरच्या निरोपातही चार ओळी मावतात.

११ जून १९५० रोजी गुरुजींनी आपली जीवनयात्रा आपल्या हातांनी संपविली. वय अवघे पन्नास. इतरांच्या मुलांचे डोळे पुसणाऱ्या या माणसाच्या मनातला अंधार कोणास वेळेवर दिसला नाही. याविषयी अधिक लिहिण्याचा माझा अधिकार नाही.

येत्या २४ डिसेंबर रोजी मंडळाने पालगडची सहल योजिली आहे. गुरुजींचे घर तेथे स्मारक म्हणून जपलेले आहे. अभ्यासवर्गाच्या मुली बरोबर येणार आहेत. परतीच्या प्रवासात प्रत्येकीने, मुलींनी आणि त्यांच्या आयांनीही, दिवसभरात पाहिलेले काहीही चार ओळींत लिहून द्यावयाचे आहे. कागद आणि पेन्सिली मंडळ पुरवील. हे कागद कोणी तपासणार नाही. ते एका वहीत चिकटवून वाचनालयाच्या टेबलावर ठेवण्यात येतील. गाडीत लागणाऱ्यांनी आवळासुपारी बरोबर ठेवावी आणि आपली नावे चिटणीसबाईंकडे १५ तारखेपूर्वी द्यावी.